आईच्या सोवळ्यातला स्वीडिश गालिचा

मी जन्माची घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का, म्हणून अर्धा जिना उतरून परत वर येणारी मी. आईने फोन पटकन उचलला नाही की माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते यायला लागतं. असल्या बाईने छंद कुठला लावून घ्यावा? तर जुने लोकरीचे गालिचे जमवायचा. तेही स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडकडचे. आणि राहायचं कुठे, तर मुलुंडला, जिथे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या पट्ट्यावर हिरवी बुरशी चढते. कोरड्या थंडीत विणलेली लोकर मी ह्या दमट हवेत आणून ठेवली आणि तिच्या काळजीने स्वतःची झोप घालवून बसले. "तुला काळजी करायला एक आई पुरली नाही, म्हणून सतरंज्या आणल्यास," आई म्हणायची. घरात आम्ही दोघीच, ती आणि मी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, भावंडं नाहीत, लग्न मी केलं नाही. त्यामुळे टोमणे मारायलाही तिला मी एकटीच होते.

माझा धंदा लोकांची घरं सजवून द्यायचा. हल्ली अंधेरी-पवईच्या टॉवरमधल्या तरुण जोडप्यांना साठेक वर्षांपूर्वीच्या धाटणीचं घर हवं असतं. मिड-सेंच्युरी म्हणतात त्याला. बुटकं सागवानी फर्निचर, तिरके निमुळते पाय, वेताची पाठ, नक्षीकाम अजिबात नाही. मी पहिल्यांदा तसल्या दोन खुर्च्या घरी आणल्या तेव्हा आई त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "अगं, ह्या तर तुझ्या बाबांच्या. आपण भंगारवाल्याला दिल्या होत्या ना? शोधून परत आणल्यास होय?" बाबांच्या नव्हत्या, पण अगदी तशाच होत्या.

त्या खुर्च्यांखाली काय घालायचं, हा मोठा प्रश्न असतो. काश्मिरी गालिचा घातला की खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते. काहीच नाही घातलं तर वाटतं, फर्निचर आत्ताच टेम्पोतून उतरवलंय. मग एकदा जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एका टेबलाला दोरीने बांधलेलं काहीतरी जाड, केसाळ दिसलं. टेबलाला ओरखडे जाऊ नयेत म्हणून दुकानदाराने ते गुंडाळलं होतं. विटकरी, गाजरी, मधेच जांभळा असे रंग, बोटभर लांब लोकर. मी कडा उलटून मागची बाजू पाहिली. एकेक गाठ हाताने मारलेली. दुकानदार म्हणाला, "टेबल लो मॅडम, ये तो फोकट में जायेगा." मी टेबल घेतलं. त्याला माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं तर तो विचार बदलेल ह्या धास्तीने मी रिक्षात बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, ह्या प्रकाराला रिया म्हणतात. तिकडचे कोळी पूर्वी थंडीच्या दिवसांत होडीत असलेच केसाळ गालिचे अंगावर घ्यायचे. आईने पाहताक्षणी त्याचं नाव अस्वल ठेवलं. ते इतकं चिकटलं की गिऱ्हाइकांशी बोलतानाही माझ्या तोंडून तेच निघायचं.

अस्वलानंतर मला नादच लागला. पवईतलं एखादं परदेशी कुटुंब घर मोडून निघालं की त्यांच्या सामानाच्या विक्रीला मी हजर. ऑनलाइन लिलावात बोली लावायचे, मग पार्सल कस्टममध्ये अडकलं की दिवसातून दहा फोन. दोन खोल्यांचं आमचं घर. गुंडाळ्या दिवाणाखाली, कपाटावर, दारामागे. आणि प्रत्येक गुंडाळीची वेगळी भीती. सगळ्यात मोठी कसरीची. तो पिवळट बारीक पतंग दिसायला अगदी गरीब, पण त्याच्या अळ्या लोकर खाऊन गालिच्याला टक्कल पाडतात. संध्याकाळी दिव्यापाशी काही फडफडलं की मी टाळ्या वाजवत त्याच्यामागे धावायचे. डांबरगोळ्यांनी आईचं डोकं चढायचं, म्हणून कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या. ऊन पडलं की सगळी वरात गच्चीवर. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा अस्वलाकडे बघून म्हणाले, "ताई, गच्ची कॉमन आहे हो. हे काय जनावर वाळत घातलंय?" आईने ते शेजारपाजारी सगळ्यांना सांगितलं.

ह्या सगळ्यांत माझा खरा जीव होता तो एका निळ्यात. सपाट विणीचा, लांबट आणि अरुंद. राखाडी-निळ्या जमिनीवर मोहरीच्या रंगाची शंकरपाळी. जवळून बघितलं तर त्या निळ्यात तीन-चार निळे मिसळलेले होते, त्यामुळे उजेड फिरला की रंगही फिरायचा. कोपऱ्यात विणणाऱ्या बाईने आपल्या नावाची दोन अक्षरं विणून ठेवली होती. कोण बाई, कुठली, काही पत्ता नाही. तो मी स्वतःसाठी आणलाच नव्हता. अंधेरीच्या एका जोडप्याची अख्खी बैठकीची खोली मी त्या गालिच्यावरून ठरवली होती, भिंतींचा रंग, पडदे, सगळं. नुसता द्यायचा दिवस तेवढा मी पुढे पुढे ढकलत होते.

आणि मग तो आईने घेतला.

आई सोवळं पाळायची. माझ्यावर सक्ती नव्हती, पण स्वतःपुरतं एकदम कडक. आंघोळ करून, वेगळी ठेवलेली रेशमी साडी नेसून, पूजा होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. बसायला धाबळी, म्हणजे लोकरीचं जाडंभरडं वस्त्र. सुती कापड विटाळतं, लोकर आणि रेशीम विटाळत नाही, हा हिशेब तिच्या आईकडून आलेला, कोकणातून. पण तिच्या धाबळीची आता चाळण झाली होती. एका सकाळी मी डोळे चोळत बाहेर आले तर देव्हाऱ्यासमोर माझा निळा गालिचा, आणि त्यावर आई, हातात पळी.

"आई! अगं हे काय?"

"लोकर आहे ना?"

"आहे, पण..."

"शंभर टक्के? नायलॉन नाही ना मिसळलेलं?"

"शंभर टक्के, पण तो..."

"मग चालेल. लांब हो, आंघोळ नाही झाली तुझी."

झालं. त्या दिवसापासून पारोश्या अंगाने माझ्याच गालिच्याला हात लावायची मला बंदी. अंधेरीचं जोडपं एका रविवारी सकाळी गालिचा बघायला आलं, तेव्हा आईची पूजा चालली होती. त्या मुलीने वाकून कौतुकाने कडेला हात लावायला घेतला तशी आई डोळे न उघडता म्हणाली, "अंहं. आंघोळ झालीय का?"

"हो काकू, निघतानाच केली."

"मग रिक्षात बसून आलात ना?"

ती मुलगी जी खुदकन हसली, की नवऱ्यालाही हसू आवरेना. ती दोघं अस्वल घेऊन गेली आणि खोलीचे पडदे बदलले. ती गेल्यावर मी आईवर भडकले. "कोणाचा आहे गं तो गालिचा?" तर म्हणाली, "देवाचा." कपाळ माझं!

बरं, ती नुसती त्यावर बसली असती तर मी सोडून दिलं असतं. पण आंघोळीहून ती ओल्या पायांनी यायची. पाय पुसायचा टॉवेल सोवळ्यात चालत नाही, कारण तो सगळ्यांचा. बाथरूममधून बाहेर आलं की छोटा बोळ, बोळाच्या टोकाला देव्हारा. तिथे येऊन ती गालिच्याच्या कडेवर उजवा पाय घासायची, मग डावा, आणि मग वर चढायची. स्वीडनच्या त्या बाईने काय काय सोसून विणलं असेल, आणि मुलुंडमध्ये त्याचं पायपुसणं झालं! "टोचते गं लोकर, बरं वाटतं तळव्यांना," आई म्हणायची. मी ओली कड रोज पंख्याखाली वाळवत बसायचे.

कसरीची भीती कधी मागे पडली आणि आईच्या पायांची कधी सुरू झाली, ते नक्की सांगता येणार नाही. एकदा भाजी निवडून उठताना ती भिंतीला धरून थोडा वेळ उभीच राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, घर फिरलं जरासं." आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला सरळ रेषेत चालायला लावलं, तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तोल जातोय. हाडं ठिसूळ झालीत. ह्या वयात खुबा मोडला तर अवघड होतं. पायात येईल असं घरात काही ठेवू नका. सतरंज्या, पायपुसणी, सगळं उचला."

बाकीचे गुंडाळूनच ठेवलेले होते. अंथरलेला एकच, देव्हाऱ्यासमोरचा. आणि तो उचलू द्यायला आई तयार नाही.

"मी पडले तर बघू," ती म्हणाली.

"पडल्यावर काय बघायचं, डोंबल?"

"तुझं आपलं नेहमीचं आहे. तुला भीती वाटते म्हणून मी माझ्या देवासमोर उघड्या लादीवर बसू?"

बोळातली लादी म्हणजे गुळगुळीत, चकाकणारी. सोसायटीत सगळ्यांनी जुन्या मोझाइकवर ती बसवून घेतली, तेव्हा आम्हीही घेतली. तिच्यावर सपाट विणीचा हलका गालिचा म्हणजे कधी सरकेल नेम नाही. मी त्याच्याखाली रबराची जाळी घातली. आईने ती ओढून काढली, सोवळ्यात रबर चालत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी तिच्या आंघोळीच्या वेळी मी पुन्हा घातली, आणि तिला कळेल म्हणून भीत राहिले. तिला कळलं. जाळी खिडकीतून खाली गेली.

मग रोज सकाळी माझं एकच काम. बाथरूमची कडी वाजली की मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. हातात चहाचा कप, नुसताच धरलेला. आधी बांगड्यांचा आवाज, मग ओल्या पायांचा, मग लोकरीवर पाय घासल्याचा. उजवा. डावा. मग ती बसताना गुडघा कट्कन वाजायचा, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. तोवर चहा गार. तिला हाताला धरून आणावं म्हटलं तर शिवायची सोय नाही. माझ्याच घरात, माझ्याच आईपासून हातभर लांब उभं राहून मी तिच्या पायांकडे बघत बसायचे. ह्या सोवळ्याचा मला तेव्हा इतका संताप यायचा की काय सांगू.

तशात वरच्या मजल्यावरच्या काकू पडल्या. दारातल्या पायपुसण्यात पाय अडकला, एवढंच निमित्त. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना म्हणून त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. मी दार उघडं ठेवून उभी होते. एरवी जिन्यात भेटल्या की अर्धा तास सोडायच्या नाहीत त्या काकू, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या घरी परत आल्या त्या पलंगालाच खिळल्या. मला पलंगावर काकूंच्या जागी आई दिसायला लागली. जेवताना दिसायची, साइटवर सुताराशी बोलताना दिसायची.

आई संध्याकाळी खाली बाकावर गप्पा मारायला गेली तेव्हा मी निळा गालिचा उचलला. जुन्या चादरीत कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळला आणि माझ्या दिवाणाखाली अगदी आत सरकवला. आई आली, दिवा लावायला गेली, आणि थबकली.

"कुठाय?"

"धुवायला दिला. कसर दिसली."

"लोकर आणि धुवायला? कुठे दिलास?"

"घाटकोपरला आहे एक जण. वेळ लागेल म्हणाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता सरबत्ती सुरू होणार. पण ती नुसती "बरं" म्हणाली. कोथिंबिरीच्या जुडीवरूनही वाद घालणारी माझी आई, आणि नुसतं बरं! मी सुटले म्हणून तिथून सटकले.

गालिच्याच्या जागी तिने बसायला लाकडी पाट घेतला. मी लादी रोज दोनदा कोरडी करायचे. आणि खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. सरकण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना! डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मी केलं होतं. बाथरूमची कडी वाजायची आणि मी आपली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चहा प्यायचे, बिस्किट बुडवून. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो हाच. आईच्याही ते लक्षात आलं होतं. "आज बसून घेतलास होय चहा?" तिने एकदा पाटावरून विचारलं. मी म्हटलं, "हो, मग! एकदम झकास."

ज्या सकाळी ती पडली, त्या सकाळी मला भीतीची आठवणसुद्धा नव्हती. अंधेरीच्या मुलीचा फोन आला होता, अस्वलाचे केस गळतायत, काय करू. मी तिला समजावत होते की जुनी लोकर थोडी गळतेच, झाडूने झाडू नकोस. कडी वाजलेली मी ऐकली की नाही, तेही आठवत नाही. ऐकला तो तांब्या पडल्याचा आवाज, आणि त्याच्यामागून दुसरा, जड.

काय झालं ते तिथे पोचताक्षणी दिसलं. ओल्या पायांनी ती नेहमीच्या जागी आली होती. इतक्या दिवसांची सवय, पाय घासायला म्हणून एका पायावर भार टाकला, आणि खाली लोकर नव्हती. नुसती लादी. ती कुशीवर पडली होती, एक पाय विचित्र वळलेला, तांब्यातलं पाणी बोळभर. ती ओरडली नाही. मला बघून म्हणाली, "धावू नकोस, पाणी सांडलंय. घसरशील."

खुबाच मोडला. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑपरेशनच्या बाहेर बाकावर बसून मी देवाला नाही नाही ती आमिषं दाखवली. सगळे गालिचे विकते म्हटलं, सोवळं पाळते म्हटलं. समोर भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र होतं, त्याच्याकडे मी पाठ करून बसले. डॉक्टर बाहेर येऊन, "झालं व्यवस्थित, आता चालवायचं त्यांना," असं म्हणाले, तेव्हाही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की चालली तर परत पडेल. माझा स्वभाव, करणार काय!

घरी आणल्यावर आई गप्प झाली होती. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जायची, बाल्कनीपर्यंत जायची, पण बोळाकडे वळायची नाही. फिजिओथेरपीची मुलगी यायची ती म्हणायची, "आजी, तिकडे पण जाऊ या ना." तर आई म्हणायची, "उद्या." पूजा मी करत होते, जमेल तशी. पलंगावरून ती सांगायची, गंध आधी, अक्षता नंतर. मी चुकले तर चिडतही नव्हती, आणि त्याने माझं धाबं जास्त दणाणायचं. मला दिसत होतं की हे असंच राहिलं तर ती पलंगालाच धरून बसणार, वरच्या काकूंसारखी.

मला खोटं पचत नव्हतं. एका दुपारी तिचे पाय चेपताना मी बोलून टाकलं.

"आई, तो गालिचा मी धुवायला दिलाच नव्हता."

"तुझ्या दिवाणाखाली आहे," ती म्हणाली. "कामवाल्या बाईला केर काढताना दिसला. दुसऱ्याच दिवशी सांगितलंन तिने मला."

माझे हात थांबले. "मग? बोलली का नाहीस? तिला काढून द्यायला सांगायचं! भांडायचं माझ्याशी! एरवी तर..."

"चेप ना, थांबलीस काय?"

"आई, बोल."

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू स्टुलावर बसून चहा पीत होतीस," ती म्हणाली. "बिस्किट बुडवून. तुझे बाबा गेल्यापासून तुला असं कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, राहू दे. पाटावर काय, बसता येतं."

मला आधी राग आला. भयंकर. ओरडले मी तिच्यावर, असली माया कोणी सांगितली होती तुला, म्हणून. ओरडून झाल्यावर तिच्या मांडीवरच डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "अगं, तो नवा सांधा आहे, त्याच्यावर नको भार घालूस."

दुसऱ्या दिवशी मी फिजिओच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, सरकणारं काही नको, पण लादीला पक्कं चिकटलेलं असेल, कडा वर येत नसतील तर चालेल, उलट पाय धरून राहील. भिंतीला एक दांडीही बसवून घ्या म्हणाली. मी दांडी बसवून घेतली. मग ऑफिसातल्या गालिच्यांना लावतात ती दोन्हीकडून चिकटणारी जाड पट्टी आणली. जुन्या गालिच्याला असला गोंद लावायचा म्हणजे त्याचा खूनच. तो धाग्यांत मुरतो, उद्या ओढून काढला तर लोकर निघून हातात येते. माझ्यासारख्या कुणी दुसऱ्याने हे केलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. सकाळी उठून आधी आंघोळ केली, आणि ओल्या केसांनी बोळात गुडघ्यांवर बसून निळा गालिचा चारी कडांनी, मधूनही, लादीला चिकटवून टाकला. त्या दोन अक्षरांवरून हात फिरवून कोपरा दाबला.

आईने त्या दिवशी पडल्यानंतर पहिल्यांदा सोवळ्याची साडी नेसली. वॉकरवर तांब्याने पाणी ओतून तोही शुद्ध करून घेतला. सावकाश, टक टक करत बोळात आली आणि गालिच्याच्या अलीकडे उभी राहिली. वाकून बघितलं.

"चिकटवलास?"

"हो."

"वाट लावलीस की गं त्याची. तुझा सगळ्यात चांगला तो."

"असू दे."

तिने पाय टाकला नाही. "नको," ती म्हणाली. "काढून टाक. मी आपली लांबून नमस्कार करीन. हा असला की तू परत रोज त्या दारात उभी राहशील."

म्हणजे तिला तेही माहीत होतं. इतके दिवस पाठ करून बसायची, आणि तिला माहीत होतं.

"राहीन उभी," मी म्हटलं.

"चहा गार होतो तुझा."

"होऊ दे. मला घाबरू दे गं आई. मला येतं ते. तू पाय ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं. मग वॉकर पुढे सरकवला आणि उजवा पाय लोकरीवर ठेवला. घासला, हळूच, जागच्या जागी. डावा उचलला तेव्हा ती सगळीच्या सगळी थरथरली. मी तिच्या मागे दोन्ही हात पुढे करून उभी होते, तिच्या कमरेपासून वीतभर लांब. माझी आंघोळ झाली होती, पण अंगावर रोजचाच सुती ड्रेस होता. तो पाय हवेतच राहिला.

"सोवळं मोडेल म्हणून थांबलीस होय?" ती म्हणाली. "मलाही भीती वाटते गं. धर मला."

मी तिला धरलं.